हिराजीमामाचा कॅमेरा

आमच्या हिराजीमामाच्या घरी जायचं तर आधी कॅमेऱ्याला तोंड दाखवावं लागायचं. मामा फाटकापासून कुजबुजलं तरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर, ओटीवर खुर्ची टाकून बसलेला. मी फाटकाबाहेर उभा. मी त्याला बघतोय, त्याला मी दिसतोय. तरी त्याची मान खाली, हातातल्या मोबाइलवर.

"डावीकडं वळ," मामा म्हणायचा. मी वळायचो. "आता उजवीकडं. आता बोल, कोन?"

"मामा, मी विलास. तुझा सख्खा भाचा."

"मना नको सांगू. त्याला सांग."

मग मी मान वर करून भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याला माझं नाव आणि येण्याचं कारण सांगायचो. ते मोबाइलमध्ये नीट उमटलं, की मामा कमरेचा जुडगा काढून फाटकाची दोन कुलपं आणि एक साखळी सोडायचा, आणि मग तोच माणूस "किती दिसांनी आलास रे" म्हणत मला मिठी मारायचा. माझ्या बायकोनं या तपासणीचा एकदाच अनुभव घेतला. त्यानंतर मामाकडे जायचं निघालं की तिचं डोकं दुखतं.

भिवंडीजवळ राहनाळला मामाचं घर आता गोडाऊनच्या रांगांमध्ये सापडलंय. जिथं भातशेती होती तिथं पत्र्याच्या उंच शेड आल्या, आणि बांधावरून बैल जायचे तिथून कंटेनर जातात. त्या सगळ्यांत मामाची आणि त्याच्या धाकट्या भावाची, पदूमामाची, अशी दोन बैठी घरं शेजारी शेजारी उरली आहेत. मध्ये एक अरुंद गल्ली. गल्लीच्या तोंडाशी गटारावर टाकलेली एक फरशी, तीही जरा डुगडुगती.

आता प्रश्न असा, की मामाकडे चोरीला जाण्यासारखं होतं काय? मामीच्या पाटल्या-बांगड्या बँकेच्या लॉकरात. घरात एक जुना टीव्ही, जो चोरानं नेला असता तर मामीनं गावदेवीला नारळ फोडला असता. पण मामाला असं काही विचारलं, की तो एक बोट उचलून गल्लीकडे दाखवायचा. "चोर आला तर तिकडूनच येनार," तो म्हणायचा. गल्लीच्या पलीकडे पदूमामाच्या घराशिवाय काही नव्हतं.

कॅमेरा बसवायला दुकानाचा माणूस आला होता, तो बसवून गेला. पण फिरवायला मला बोलावणं यायचं. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात बिलं बनवतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणजे हा त्यातला जाणकार, असा सासरी आणि आजोळी दोन्हीकडे समज आहे. मी तो कधी दूर केला नाही. त्या समजावर मला दोन्हीकडे चहाबरोबर खायलाही मिळतं.

कॅमेरा फिरवायची आमची पद्धत ठरलेली. मामा शिडीवर, मी खाली मोबाइल घेऊन. खरं तर वयानं उलट हवं होतं, पण मला उंचावर चक्कर येते. मामा स्क्रू सैल करून कॅमेरा हळूहळू वळवायचा आणि मी चित्र बघून सांगायचं, कुठं थांबायचं ते. अडचण अशी, की मोबाइलवरचं चित्र जरा मागून येतं. मी "बस" म्हणेपर्यंत मामाचा हात पुढे गेलेला असायचा. मग "मागं घे", मग "अरे फार मागं गेला". अर्ध्या तासानं आमचा कॅमेरा नारळाच्या झाडावरचं घारीचं घरटं राखत असायचा.

"तुझं बस उशिरा येतं," मामा शिडीवरून म्हणायचा.

"माझं नाही मामा, चित्रच उशिरा येतं."

"मग आधी बोलत जा."

कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोठे दिवे. समोर काही हललं की ते भक्कन पेटायचे आणि मामाचा मोबाइल 'टुंग' करायचा. पहिल्या आठवड्यात मामीचा दोरीवरचा परकर वाऱ्यानं हलला आणि दिव्यांबरोबर भोंगाही वाजला. गोडाऊनचा वॉचमन काठी घेऊन धावत आला आणि परकराकडे बघून परत गेला. त्यानंतर मामीनं भोंगा बंद करायला लावला. पण दिवे राहिले. संध्याकाळी शिफ्ट सुटली की गोडाऊनमधले कामगार गल्लीच्या तोंडावरून जाताना दिवे पेटायचे, आणि ते कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचे, "सलाम चाचा!" मामा ओटीवरून मोबाइलमधल्या त्यांना हात करायचा.

त्याची आणखी एक खोड इथंच सांगतो. कुठलंही बटण दाबलं, की काम होईपर्यंत मामा ते सोडत नाही. लिफ्टचं बटण तो लिफ्ट येईपर्यंत दाबून धरतो. माझ्या दारावरची बेल तो वाजवतो तेव्हा बायको आतूनच सांगते, "राहनाळ आलं." त्याला किती वेळा म्हटलं, मामा, एकदा दाबून सोडायचं असतं. तो म्हणतो, "सोडलं का इसरतंय ते."

आता पदूमामाबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा मोठा मान, आणि हळदीच्या बॅनरला हळदीपेक्षा. पदूमामाच्या मुलाची, नितीनची, हळद होती तेव्हा नाक्यावर केवढा तरी बॅनर लागला. त्यात नवरदेव मध्ये, खाली काके-मामे, त्याखाली मित्रमंडळ. सगळ्यात वरची ओळ म्हणजे आशीर्वाद देणाऱ्यांची. तिथं माझे आजोबा, माझी आजी, दोघंही केव्हाच गेलेली, फोटोंना हार घातलेले. आणि त्या दोघांच्या मध्ये, गॉगल लावून, हिराजीमामा. त्यालाही हार. नावामागे 'कै.' सुद्धा.

दिघाशीची आमची एक म्हातारी आत्या रिक्षातून उतरली ती बॅनर बघून तिथंच रस्त्यात बसली आणि छाती पिटून घ्यायला लागली. तिला पाणी द्यायला म्हणून मांडवातून जो माणूस धावत गेला, तो हिराजीमामाच. तिनं त्याला बघितलं आणि दुसऱ्यांदा किंचाळली.

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, सगळ्यांत जास्त. मामा हसला नाही. त्यानं मान वर करून तो बॅनर नीट बघितला, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि न जेवता घरी गेला.

चूक छापणाऱ्याची होती. पदूमामानं त्याला एवढंच सांगितलं होतं, "आमच्या दादाचा फोटो सगल्यांच्या वर लावा." मोठ्या भावाला मान द्यावा म्हणून. आता सगळ्यांच्या वरच्या ओळीत कोण असतं हे छापणाऱ्याला माहीत, त्यानं इमानेइतबारे मामाला हार घातला. हे नितीननं येऊन सांगितलं, मामीनं सांगितलं, मी सांगितलं. मामाला पटलंही. पण तो म्हणायचा, "मग पदूनं येऊन सांगावं ना. फाटक काय लांब हाय?"

आणि पदूमामा म्हणायचा, "मी त्याला मान द्यायला गेलो, वर मीच जाऊन पाया पडू? तो मोठा हाय, त्यानं समजून घ्यावं."

झालं. शेजारी शेजारी राहून बोलणं बंद. जन्मात कधी वेगळे जेवले नव्हते असे दोघे. लहानपणी एकाच ताटात बसायचे आणि हिराजीमामा मासळीतला काटा काढून पदूमामाच्या पुढ्यात सारायचा, असं माझी आई सांगायची. बोलण्याचा विषय निघाला की हिराजीमामा एकच वाक्य टाकायचा: "मेलेला मानूस बोलत न्हाय." त्यानंतर वर्षाच्या आतच कॅमेरा आला, तेव्हा त्या वाक्याला शेपूट फुटलं: "मेलेला मानूस बोलत न्हाय. पन बघतो."

तर, तो जे बघत होता ते असं. नितीन लग्नानंतर कल्याणला राहायला गेला. पदूमामाची बायको त्याआधीच गेलेली. पदूमामा एकटा. त्यात साखरेनं त्याची नजर कमी होत चाललेली. उजेडात ठीक, पण दिवेलागणीनंतर त्याला सगळं धुरकट. तरी संध्याकाळी गावदेवीच्या देवळात जाऊन बसायचं त्यानं सोडलं नाही, आणि परतताना ती डुगडुगती फरशी ओलांडावी लागायची. एकदा तो तिथं पडला. गुडघा फुटला. कामगारांनी उचलून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी मला फोन. "ये जरा. कॅमेरा हालवायचा हाय."

"आता कुठं मामा? परवाच तर फाटकावर बसवला."

"फाटकाला काय धाड भरलीय. गल्लीत घे. ती फरशी दिसली पायजे."

मी चित्र बघत उभा राहिलो, मामा शिडीवर. त्या दिवशी मला "बस" म्हणायची गरजच पडली नाही. त्यानं दिवे बरोबर फरशीवर आणून सोडले, जणू महिनाभर मनात मोजून ठेवलं होतं. खाली उतरून मला म्हणाला, "चोराचा पाय घसरला तर पोलीस आपल्यालाच पकडतात."

मामी आतून म्हणाली, "चोराची लई कालजी."

तेव्हापासून पदूमामा संध्याकाळी फरशीजवळ आला, की दिवे पेटायचे. तो काठी टेकत ओलांडायचा. मी एकदा त्याच्याकडे गेलो तर त्यानं तक्रार केली: "सांग तुझ्या मामाला, डोल्यात जातो तो उजेड. मी काय चोर हाय?" मी टपाल पोचवलं. मामाचं ठरलेलं उत्तर आलं. पण एक गोष्ट मी बघितली होती. फरशी ओलांडून गेल्यावर पदूमामा लगेच घरात जात नसे. दिवे आपोआप विझेपर्यंत तिथंच, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. आणि इकडे ओटीवर हिराजीमामा मोबाइल डोळ्यांजवळ धरून. दिवे विझले की तो म्हणायचा, "हां. वाढ आता," आणि जेवायला उठायचा.

भिवंडीत वीज जायला कारण लागत नाही. मामानं एक बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. आम्हाला वाटलं, म्हातारपणी सुख आलं. तर त्यावर फक्त कॅमेरा. पंखा नाही, घरातला एक बल्ब नाही. उन्हाळ्यात मामी पदरानं वारा घेत मला म्हणाली, "आमी घामानं मेलो तरी चालंल. बोलून मोकला होत न्हाय, दिवे लावतो."

एका रविवारी मामानं हळूच विचारलं, यातून बोलता येतं का रे? दुकानाचा माणूस म्हणाला होता. मी त्याला मोबाइलवरचं माइकचं चित्र दाखवलं. हे दाबून बोलायचं, तुझा आवाज कॅमेऱ्यातून बाहेर जाईल. आणि ऐकायचं असेल तेव्हा सोडायचं. दाबलेलं असेल तोवर तिकडचं काही ऐकू येत नाही. मी बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो. वरून मामाचा आवाज आला, "विलास, ऐकतोस का?" मी म्हटलं, "ऐकतो मामा." "बोल की रे. काय बोलत न्हायस?" मी ओरडलो, "बटण सोड!" शेवटी आत जाऊन त्याचं बोट उचललं.

"पन मेलेला मानूस बोलत न्हाय ना?" मी चेष्टा केली.

मामा म्हणाला, "हे तोंडानं कुठं, मशीननं हाय."

तेव्हा मला कळलं की तो कशाची तयारी करतोय. मामीलाही कळलं. तिनं त्या दिवशी मला जाताना सुकटीचा डबा दिला आणि म्हणाली, "देवीनं सुबुद्धी दिली म्हनायची."

पुढचं मी बघितलेलं नाही. मामानं सांगितलं, आणि मोबाइलमध्ये साठलेलं चित्र दाखवलं.

संध्याकाळी पदूमामा देवळातून आला. दिवे पेटले. त्यानं फरशी ओलांडली आणि नेहमीसारखा तोंड वर करून थांबला. मामानं बटण दाबलं. आता बोलायचं. पण इतक्या दिवसांनी पहिला शब्द कुठला बोलायचा ते त्याला सुचेना. मामीनं आतून बघितलं, तो बटण दाबून नुसता श्वास घेत बसला होता. तो श्वास तिकडे गल्लीत मोठा होऊन जात असणार. पदूमामानं मान तिरकी केली, कान दिला. काठी बगलेत धरली. आणि तो बोलला.

चित्रात स्पष्ट दिसतं. ओठ हलतात. दोनतीन शब्द असतील. मग हात डोळ्यांवर आडवा धरून तो उत्तराची वाट बघतो.

मामाचं बोट बटणावरच होतं.

त्याला वाटलं आवाज बारीक आहे, म्हणून त्यानं मोबाइल कानाला लावला. बटण आणखी जोरात दाबलं. मग मोबाइल टाकून तो फाटकाकडे धावला. दोन कुलपं आणि एक साखळी. किल्ली लागेना. मागून येणारं चित्र ते. मामाला त्यात पदूमामा वाट बघताना दिसत होता, तेव्हा तो बहुधा पाठ फिरवून निघालाही असेल. फाटक उघडलं तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. दिवे मामाला बघून पुन्हा पेटले.

पलीकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. जाऊन ढकलायचं तेवढं बाकी. मामा त्या फरशीवर उभा राहिला आणि मोठ्यानं खोकला. आतून काही आलं नाही. मग मामाच्या मनात आलं, आता उद्याच बोलू. नीट, मशीनवर, ठरवून.

त्याच पहाटे पदूमामाच्या छातीत दुखायला लागलं. त्यानं नितीनला फोन केला, नितीन गाडी घेऊन आला आणि त्याला कल्याणच्या दवाखान्यात घेऊन गेला. मामाच्या मोबाइलनं 'टुंग' केलं होतं, पण मामा झोपला होता. दवाखान्यातून पदूमामा परत आला तो झाकूनच.

नाक्यावर पुन्हा बॅनर लागला. या वेळी मजकूर मामानं स्वतः सांगितला, छापणाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसला. वरच्या ओळीत आजोबा, आजी आणि पदूमामा. पदूमामाच्या बाजूला एका फोटोची जागा मोकळी. छापणारा म्हणाला, काका, विचित्र दिसतं, तिथं फुलं टाकतो. मामा म्हणाला, "न्हाय. पदूनं दिलेली जागा हाय ती. राहू दे."

दहावं झाल्यावर मामानं मला बोलावलं. या वेळी शिडी काढली नव्हती. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला.

"तुझ्या ऑफिसात मोठं कॉम्प्युटर हायत. त्याच्यावर लावून बघ. तो काय बोलला तेवढं काढून दे."

मी त्याला समजावलं, की बटण दाबलेलं असताना माइक बंद असतो, आवाज आत आलाच नाही, तर काढणार कुठून. तो ऐकून घ्यायचा आणि परत म्हणायचा, "पन बोलला तर हाय ना. दिसतंय की." मी ते चित्र पुन्हा पुन्हा बघितलं. मामीनं बघितलं. नितीननं बघितलं. मामीला वाटतं तो म्हणाला, दादा जेवलास का. नितीन म्हणाला, अजून राग हाय का. मला काहीच कळलं नाही. जाणकार म्हणून माझं नाव आहे, म्हणून मी बराच वेळ भुवया आवळून बघत राहिलो एवढंच.

"तुमी काय सांगताव," मामा म्हणाला. "बारका व्हता तवा 'मी येऊ का' असंच विचारायचा. तोंड असंच करायचा."

परवा संध्याकाळी राहनाळला गेलो. सवयीनं कॅमेऱ्याखाली उभा राहिलो, डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. मग लक्षात आलं, फाटक उघडं होतं. कुलपं नव्हती, साखळी नव्हती. मामा ओटीवर होता. त्यानं मला बसायची खूण केली आणि मोबाइलकडे बघत राहिला.

जरा वेळानं गल्लीत दिवे पेटले. कोणी नव्हतं, एक कुत्रं फरशीवरून चाललं होतं. मामानं बटण दाबलं.

"हां पदू, जेवलो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बाहेर गल्लीत मोठा होऊन ऐकू आला. "राग न्हाय रे. कसला राग. ये तू. फाटक उघडं हाय."

शिफ्ट सुटून चाललेले दोघे कामगार गल्लीच्या तोंडाशी थबकले. त्यांतला एक वर बघून म्हणाला, "जी चाचा," आणि ते पुढे गेले.

मामी दारात येऊन उभी होती. मामानं बटणावरून बोट उचललं, अगदी सावकाश, आणि मोबाइल कानाला लावून दिवे विझेपर्यंत ऐकत बसला.